वालाच्या दाण्यापासून केंब्रिजपर्यंत : डॉ. कमला सोहोनी

दुर्गाबाई भागवत जन्माने इंदूरच्या, ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या घरांतून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्यांची पाठची बहीण कमला हीही इंदुरातच जन्मली, हे मात्र सांगणारे थोडे. दुर्गाबाईंचा जन्म फेब्रुवारी १९१० चा, कमलेचा १८ जून १९११ चा. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभाराची सूत्रे आली. पुढे थोरलीने शब्दांचा आणि लोकसंस्कृतीचा ध्यास घेतला. धाकटीने ध्यास घेतला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण ज्यांच्यावाचून एकही जीव जगत नाही अशा द्रव्यांचा. एकाच घरात दोन मुली अशा निघाव्या, हे भागवतांचे भाग्य म्हणावयाचे.

घरात विद्येचे वारे होतेच. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. तेव्हा आपणही रसायनच शिकायचे आणि पुढच्या संशोधनाला बंगलोरलाच जायचे, हे कमलेने लहानपणीच ठरवून टाकले असल्यास नवल नाही. वकिलाचा मुलगा वकील होतो आणि गवयाचा मुलगा तंबोऱ्याला हात घालतो, तसेच हे. फरक इतकाच की ती मुलगी होती.

हा फरक १९३३ साली पुढे आला. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत रसायन हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन ती पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. बंगलोरच्या संस्थेकडे अर्ज गेला आणि नकार आला. तिच्याहून कमी गुणांच्या मुलांना प्रवेश मिळाला होता. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल पारितोषिक मिळविलेले. नकाराचे कारण एकच : अर्जदार स्त्री आहे.

दुसरी एखादी मुलगी रडली असती आणि घरी बसली असती. कमला बंगलोरला गेली आणि संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रहाला बसली. गांधींच्या चळवळीचे ते दिवस होते. जे हत्यार सरकारविरुद्ध चालते ते विद्येच्या दारातही चालून पाहावे, असे तिला वाटले. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर तिला रीतसर विद्यार्थिनी मानावयाचे नाही, मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत काम करावयाचे, आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. तिसरी अट वाचून आज संताप येतो. तिने तिन्ही मान्य केल्या.

मी गाणे शिकविणारा माणूस. मला या हकिगतीचे फारसे आश्चर्य वाटत नाही. घरंदाज घरातल्या मुलीने गुरूसमोर बसून तालीम घ्यावी म्हटले की आमच्या क्षेत्रातही त्या काळी अशाच अटी, असेच कटाक्ष असत. पण गाण्यात निदान आवाज ऐकवून तोंडे बंद करता येतात. प्रयोगशाळेत त्याला वर्ष लागते. कमलेला ते लागले, आणि वर्षाअखेरीस रामन यांनी तिचे काम पाहून तिला नियमित प्रवेश दिला. त्यानंतर त्या संस्थेचे दार दुसऱ्या मुलींनाही उघडले. रामन यांची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण कमलाबाई ते वर्ष विसरल्या नाहीत. त्या काळी त्यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मनही स्त्रियांच्या बाबतीत किती कोते होते आणि तो अपमान कसा जिव्हारी लागला, हे त्यांनी उतारवयातही जाहीरपणे सांगितले. सांगितले ते बरे केले.

बंगलोरला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या, शिस्तीचे कडक, पण मनापासून शिकविणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली एम. एस्‌सी. मिळविली. ज्या देशात बहुसंख्य माणसांचे पोषण डाळींवर चालते, तिथे डाळीत नेमके काय आहे हे पाहणारे त्या वेळी मोजकेच होते.

प्रथिन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावयास हवे, कारण बाईंचे सारे आयुष्य त्यात गेले. प्रथिन ही मण्यांची लांबच लांब माळ आहे. मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात, आणि त्यांच्या जाती सुमारे वीस. एकेका माळेत शेकडो मणी असतात. माळ ताणलेली राहत नाही, स्वतःभोवती ठराविक रीतीने गुंडाळली जाते, आणि गुंडाळीचा जो घाट बनतो त्यावर तिचे काम ठरते. काही प्रथिने स्नायू बनतात, काही रक्तातून प्राणवायू वाहतात, तर काही अन्न पचवितात. अशी रासायनिक कामे झपाट्याने घडवून आणणाऱ्या प्रथिनांना एंझाइम किंवा विकर म्हणतात. मणी कुठल्या क्रमाने ओवलेले आहेत, हे त्या काळी एकाही प्रथिनाबाबत ठाऊक नव्हते. इन्शुलिनचा क्रम सँगर यांनी केंब्रिजला लावला तो १९५० नंतरच्या वर्षांत.

त्याच केंब्रिजला कमलाबाई १९३७ मध्ये शिष्यवृत्तीवर गेल्या. न्यूनहॅम कॉलेजात नाव, आणि काम सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळविलेले गृहस्थ. तिथे आरंभी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम. प्रयोगशाळेत जागा इतकी अपुरी की ज्या टेबलावर बाई दिवसा प्रयोग करीत त्याच टेबलावर रिक्टरसाहेब रात्री झोपत! पुढे रिक्टर दुसरीकडे गेले आणि बाई रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळल्या.

अभ्यासाला घेतला बटाटा. आम्हा माळव्यातल्या माणसांना बटाट्याचे काय कौतुक! पण त्या कंदात किती रचना आहे ते पाहावे. त्याचे पीठ म्हणजे पिष्ट, आणि सालीत व पेशींच्या भिंतींत असते ते सेल्युलोज. दोन्ही लांब साखळ्या, आणि दोन्हींची कडी एकच, ग्लुकोज. फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी. एक आपण पचवितो, दुसरे आपल्याला पचत नाही, आणि झाडाच्या खोडाला त्याच दुसऱ्याने बळ येते. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, पण चलन बदलले की एक संध्याकाळी शांतवितो आणि दुसरा सकाळ उजळतो. निसर्गाची ही रीत आम्हा गाणाऱ्यांना तरी समजावून सांगावी लागू नये.

बाईंचे लक्ष मात्र बटाट्याच्या पिठावर नव्हते, त्याच्या श्वासावर होते. जमिनीतून उपटलेला बटाटाही जिवंत असतो आणि श्वास घेतो, म्हणजे पेशींत अन्न मंदपणे जळत असते. या कामात सायटोक्रोम सी नावाचे एक लहानसे प्रथिन आहे. माळ शंभराहून थोड्या अधिक मण्यांची, आणि तिच्या कुशीत लोहाचा एक अणू धरून ठेवणारे वर्तुळ. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन हे लोह एकाकडून घेते आणि पुढच्याला देते. शेवटी ते प्राणवायूपर्यंत पोचतात आणि पाणी बनते. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचे काम हेच प्रथिन करते, असे बाईंनी बटाट्यावरून दाखविले. घोड्याच्या हृदयात जे चालते तेच बटाट्याच्या फोडीतही चालते, असा त्याचा अर्थ.

हा प्रबंध त्यांनी केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत पुरा केला. टंकलिखित पाने अवघी चाळीस. १९३९ मध्ये त्यांना पीएच्. डी. मिळाली. विज्ञानातील पीएच्. डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, असे त्यांच्याविषयी सर्रास लिहिले जाते. जानकी अम्माळ यांना वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट अमेरिकेत मिशिगन येथे १९३१ मध्येच मिळाली होती, तेव्हा हा मान जरा जपून द्यावा. तेवढ्याने चाळीस पानांचे वजन घटत नाही.

परत आल्यावर दिल्लीस लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये विमागणिती श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि बाई मुंबईस आल्या. तिथल्या विज्ञानसंस्थेत त्या जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या, आणि बंगलोरला सुटलेला डाळींचा धागा त्यांनी पुन्हा हाती धरला.

आता वालाकडे येऊ. आपल्या घरांतून बिरडे करण्याची रीत सर्वांना माहीत आहे. वाल रात्री भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, आणि मग चांगले शिजवायचे. इतकी यातायात कशाला, असे नव्या सुना विचारतात. सोहोनीबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी भारतीय भाज्या आणि कडधान्ये यांवर जे काम केले त्यात याचे उत्तर आहे. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांच्या माळा तोडते. वालात एक प्रथिन असे आहे की ते नेमके ट्रिप्सिनच्या तोडण्याच्या जागी जाऊन बसते. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी तसे. मग कुलूप ना उघडते ना दुसरी किल्ली घेते, आणि खाल्लेले प्रथिन नीट पचत नाही. हे रोधक प्रथिन त्यांनी वालातून वेगळे करून १९५६ च्या सुमारास त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. पुढे १९६५ मध्ये वालातल्याच दुसऱ्या एका प्रथिनाविषयी लिहिले, जे तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करते. ही काही वालाची दुष्टाई नव्हे. बी हे झाडाचे मूल. ते कुणी खाऊन पचवू नये म्हणून झाडाने केलेला हा बंदोबस्त आहे. पण हे प्रथिनही शेवटी गुंडाळलेली माळच. ओल्या उष्णतेने गुंडाळी उलगडते, घाट मोडतो, आणि किल्ली कुलपात बसेनाशी होते. अंड्याचा बलक घट्ट होतो तोही याच कारणाने, म्हणजे माळा उलगडून एकमेकींत गुंतल्यामुळे. आजीच्या हाताला ठाऊक होते ते सोहोनीबाईंनी परीक्षानळीत पाहिले.

मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी दूध नासू नये म्हणून सल्ला दिला. तिथेही प्रश्न प्रथिनाचाच, दुधातल्या केसीनच्या कणांचा. आंबटपणा वाढला की हे कण एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते.

नीरेवरचे त्यांचे काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून झाले. ताडमाडाचा ताजा रस उन्हे वर येण्याआधी पाहावा, नाहीतर त्याची ताडी होते. या रसात व त्याच्या गुळात क जीवनसत्त्व आणि लोह आहे, आणि आदिवासी भागातील कुपोषित मुले व गरोदर बायका यांना त्याचा उपयोग होतो, असे त्यांनी दाखविले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

एवढे होऊनही संस्थेच्या संचालकपदापासून अंतर्गत राजकारणाने त्यांना चार वर्षे दूर ठेवले. बंगलोरला एक वर्ष, इथे चार. शेवटी ते पद त्यांना मिळाले. निवृत्तीनंतरही बाई स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, तिच्या कामात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले, तिच्या ‘कीमत’ या पत्रातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहिले, आणि १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरविला. परिषदेच्या महासंचालक डॉ. सत्यवती याही स्त्रीच होत्या, आणि बाईंची बंगलोरची हकिगत कानी आल्यावर त्यांनी अगत्याने बोलावणे धाडले होते. सभागृह भरले होते. सत्कार चालू असतानाच बाई व्यासपीठावर कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई त्यांच्यामागे चार वर्षे होत्या.