टिळकांची शरीरसाधना

बाळ गंगाधर टिळक १८७३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. दुर्बळ देहाने मोठे कार्य होणे नाही, हे जाणून त्यांनी पहिले वर्ष व्यायामाला वाहिले. तालमीत मेहनत करावी, कुस्ती खेळावी, नदीत पोहावे, नाव वल्हवावी, असा त्यांचा नित्यक्रम असे. त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले. परंतु शरीर पिळदार बनले. पुढे नेटाने अभ्यास करून १८७७ साली ते बी. ए. ला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगातील उष्मा व एकांतवास सोसून त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. तारुण्यात कमावलेले शरीरबळ तेथे कामी आले.