साठ पानांचा कित्ता

गणेशोत्सवात एका सकाळी मंडपात मुलांची चित्रकला स्पर्धा असते. मुले सतरंजीवर ओणवी होऊन रंगवत असतात आणि पालक कडेला उभे राहून पाहत असतात. त्या पालकांपैकी कोणीतरी हमखास सांगतो की लहानपणी आपल्यालाही आवड होती, एलिमेंटरीची परीक्षासुद्धा दिली होती, पण पुढे राहून गेले. डोंगर, उगवता सूर्य, झोपडी आणि नारळाचे झाड इथवर सगळ्यांचेच जमते. माणूस काढायची वेळ आली की गाडी अडते. मग आपण त्या माणसाचे हात पाठीमागे लपवतो, पाय गवतात बुडवतो आणि शेवटी आपल्याला उपजत हातच नाही असे म्हणून पेन्सिल खाली ठेवतो.

अशा सर्वांनी एका माणसाचे चरित्र जरूर वाचावे. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. हे नाव घेतले की बहुतेकांना आठवतो तो कान कापून घेणारा, वेडाच्या भरात चित्रे रंगवणारा कलावंत. सूर्यफुले आणि चांदण्या रात्रीचे आकाश आपण कॅलेंडरवर, चहाच्या कपावरही पाहिलेले असते. पण या वेडाच्या कथेमागे दुसरी एक कथा झाकली गेली आहे. ती आहे सत्ताविसाव्या वर्षी शून्यापासून माणसाची आकृती काढायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याची.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधील झुंडर्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. सोळाव्या वर्षी, १८६९ मध्ये, काकांच्या ओळखीने तो हेग शहरात गूपिल या चित्रे विकणाऱ्या मोठ्या पेढीत नोकरीला लागला. पुढे लंडन आणि पॅरिसच्या शाखांतही त्याने काम केले. १८७६ मध्ये ही नोकरी गेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये शाळामास्तरकी झाली, पुस्तकांच्या दुकानात काम झाले, धर्मशास्त्राच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू झाला आणि अर्ध्यावर सुटला. १८७८ च्या अखेरीस तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा खाणींच्या भागात धर्मप्रचारक म्हणून गेला. खाणकामगारांची दैन्यावस्था पाहून त्याने आपले कपडेलत्ते वाटून टाकले आणि स्वतः झोपडीत राहू लागला. धर्मसंस्थेला हा अतिरेक वाटला. १८७९ मध्ये तीही नेमणूक संपली. सव्वीस वर्षांचा, पाच ठिकाणी हात लावून कुठेही न टिकलेला मुलगा. घरच्यांच्या जिवाला केवढा घोर लागला असेल, हे आपल्याकडच्या कोणत्याही आईबापांना वेगळे सांगायला नको.

१८८० च्या उन्हाळ्यात त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. खाणीकडे जाणारी माणसे, पोती वाहणाऱ्या बायका तो आधीपासून कागदावर खरडत असे. पण त्यांचे खांदे, पाठी आणि पावले काही केल्या बसत नव्हती. प्रेरणेची वाट पाहत न बसता त्याने कित्ता मागवला.

शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने रेखाटन शिकणाऱ्यांसाठी छापील नमुन्यांचे संच तयार केले होते. सोपे आधी, अवघड नंतर, अशी त्यांची मांडणी होती. त्यांतला कोळशाने काढायच्या आकृत्यांचा संच साठ पानांचा होता. त्यात मानवी शरीराची बाह्यरेषा मोजक्या, जवळजवळ सरळ रेषांत बांधून दाखवलेली असे. विद्यार्थ्याने आधी मुख्य बिंदू ठरवायचे, मग डोके, धड, पाय यांचे एकमेकांशी प्रमाण पाहायचे, वजन कोणत्या पायावर आहे ते ओळखायचे, आणि बारकावे सर्वांत शेवटी. गंमत अशी की हे संच प्रसिद्ध करणारी पेढी गूपिलच, म्हणजे त्याला घालवणारीच! व्हिन्सेंटने आपल्या जुन्या वरिष्ठांना, टर्स्टीग यांना, पत्र लिहून ते उसने मागवले. यासाठी संकोच किती गिळावा लागला असेल!

खाणकामगाराच्या घरातील एका लहानशा खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून त्याने साधारण पंधरवड्यात ती साठ पाने गिरवली. झाली म्हणून बाजूला ठेवली नाहीत, पुन्हा काढली. बार्गचे इतर नमुनेही घेतले. जोडीला मिलेच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या छापील प्रतींवरून नकला चालूच होत्या. ऑक्टोबरमध्ये तो ब्रुसेल्सला गेला. तिथे शरीरशास्त्राच्या पुस्तकावरून त्याने हाडांचा सांगाडा आणि स्नायू मोठ्या कागदांवर उतरवले. कातडीखाली काय आहे हे कळल्याशिवाय वरची रेषा खरी होत नाही, हे त्याला उमगले होते. याच सुमारास धाकटा भाऊ थिओ, जो स्वतः गूपिलमध्येच नोकरीला होता, त्याला पैसे पाठवू लागला. हा आधार शेवटपर्यंत राहिला आणि त्याचे ओझेही शेवटपर्यंत राहिले.

१८८१ मध्ये एटन या गावी आईवडिलांकडे राहून त्याने कित्त्यावरून जिवंत माणसांकडे मोर्चा वळवला. माळी, फावडे चालवणारा मजूर, शिवणकाम करणारी बाई, चुलीपाशी बसलेला म्हातारा, जो तयार होईल त्याला तो समोर बसवी. त्या वेळची रेखाटने आज पाहिली तर अवघडलेली दिसतात. डोकी मोठी, हात आखूड, वाकलेला माणूस आता पडतो की काय असे वाटते. आपणही अशीच काढतो, म्हणून ती पाहून धीर येतो.

वर्षाच्या शेवटी वडिलांशी भांडण होऊन तो हेगला गेला. तिथे नात्यातले नामवंत चित्रकार अँटन मॉव्ह यांनी त्याला मार्गदर्शन केले, मदतही केली. मात्र त्यांनी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून सराव करायला सांगितले तेव्हा व्हिन्सेंट बिथरला आणि ते साचे त्याने फोडून कोळशाच्या डब्यात टाकले. गुरू दुरावले. इथे चूक शिष्याचीच होती असे म्हणावे लागेल, कारण पुढे तो स्वतःहून त्याच पुतळ्यांसमोर जाऊन बसला.

हेगमध्ये त्याला सीन भेटली. गरोदर, निराधार, पदरात एक मुलगी. तो तिच्याबरोबर राहू लागला. ती, तिची आई आणि तिची मुले त्याची मॉडेल झाली. १८८२ च्या वसंतात तिला समोर बसवून काढलेले गुडघ्यांत मान घातलेल्या स्त्रीचे रेखाटन दोन वर्षांपूर्वी साठ पाने गिरवणाऱ्या हाताचे आहे. त्याची बाह्यरेषा बार्गच्या धड्यासारखीच ठाम आहे, पण आता तिच्यात एका माणसाचे दुःख आहे. त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या काकांनी हेगच्या बारा दृश्यांची मागणी दिली, दर चित्राला अडीच गिल्डर. त्याची ही पहिली खरी कमाई. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना थोडे पैसे देऊन तो बसवून घेई, आणि एकच म्हातारा छत्रीसह, काठीसह, पाठमोरा, खुर्चीत डोके धरून बसलेला, असा कितीतरी वेळा काढी. दूरची-जवळची मापे अचूक यावीत म्हणून त्याने आडव्या, उभ्या आणि तिरप्या दोऱ्या ताणलेली एक चौकट बनवून घेतली. ती वाळूत रोवून तिच्यातून पाहायचे आणि कोणती गोष्ट कोणत्या दोरीला छेदते ते कागदावर टिपायचे. आज प्रकाशाच्या पेटीवर चित्र ठेवून नक्कल करता येते, पण ही चौकट रेषा काढून देत नसे. ती फक्त नजरेला शिस्त लावी.

१८८३ च्या सप्टेंबरमध्ये सीनशी संबंध तुटला. वर्षअखेरीस तो न्यूनेन गावी आईवडिलांकडे परतला. तिथे त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे आणि हातांचे अभ्यास ढिगाने केले. केवळ डोक्यांचीच सुमारे चाळीस चित्रे रंगवली. त्यांतून १८८५ मध्ये बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचे चित्र उभे राहिले. रॅपार्ड या मित्राने त्या चित्राच्या छापील प्रतीवर सडकून टीका केली: हात चुकले, अंगे चुकली. मैत्री संपली. पण त्याच उन्हाळ्यात व्हिन्सेंट शेतात गेला आणि वाकून कापणी करणाऱ्या, पेंढ्या बांधणाऱ्या माणसांची मोठी रेखाटने करू लागला. खणणारा माणूस खणताना दिसला पाहिजे, नुसता मापात बरोबर असून भागत नाही, असा त्याचा आग्रह होता. या रेखाटनांत अंगाला गोलाई आणि वजन आले. टीका मनाला लागली होती, पण ती हातापर्यंतही पोचली होती.

१८८६ च्या जानेवारीत त्याने अँटवर्पच्या कला अकादमीत नाव घातले. वय बत्तीस. तिथल्या शिक्षकांना त्याची जाड, झपाट्याची रेषा पसंत पडली नाही. दोन महिन्यांत तो पॅरिसला निघून गेला, आणि त्याच्या माघारी परीक्षकांनी त्याला सुरुवातीच्या वर्गात बसवायचे ठरवले. पाच वर्षांहून अधिक काळ रोज सराव केलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या इयत्तेत!

पॅरिसमध्ये कॉर्मोंच्या चित्रशाळेत तो काही महिने जात होता. एमिल बर्नार या तरुण सहाध्यायाने पुढे आठवण लिहून ठेवली आहे. दुपारी सगळे गेल्यावर व्हिन्सेंट रिकाम्या खोलीत प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींसमोर एकटाच बसे. काढी, पुसे, पुन्हा काढी, इतके की खोडून खोडून कागदाला भोक पडे. चार वर्षांपूर्वी साचे फोडणारा तो हाच.

यापुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. १८८८ मध्ये आर्ल, डिसेंबरात कानाची ती घटना, १८८९ मध्ये सां-रेमीचे रुग्णालय. तिथेही आजारातून डोके वर काढताच त्याने मिलेची शेतकरी-चित्रे पुन्हा घेतली आणि रंगांत उतरवली, वीसहून अधिक. मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला. चांदण्या रात्रीचे चित्र वर्षभरापूर्वी पूर्ण झाले होते, सूर्यफुले कधीच झाली होती. तिथून त्याने थिओकडे एक वस्तू मागितली: बार्गच्या त्या साठ पानांचा संच. शरीराची प्रमाणे विसरू नयेत म्हणून सगळी पाने नव्याने काढायची होती. महिनाभरात होतील असा त्याचा हिशेब होता, आणि त्यांतली काही त्याने काढलीही. २९ जुलै १८९० रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो गेला. दहा वर्षांच्या कामात त्याच्या हातून साडेआठशेहून अधिक रंगचित्रे आणि हजाराहून अधिक रेखाटने झाली होती. सहा महिन्यांत थिओही गेला. ही चित्रे जगापुढे आणली ती थिओच्या पत्नीने, योहानाने.

आपण नोकरीधंद्यासाठी गाव सोडून इथे आलो. नवी भाषा, नवे रस्ते, नवे काम वयाच्या पंचविशी-तिशीत शिकलो. सुरुवातीला चुकलो, हसे झाले, आणि सवयीने जमले. मग पेन्सिलीच्या बाबतीतच आपण वय आणि उपजत हात का काढतो? मराठीत हात बसला असे म्हणतात, आणि बसायला वेळ लागतोच. रोज अर्धा तास, घरातलेच कोणी पेपर वाचत बसलेले समोर, आधी डोके-धड-पाय यांचे माप, मग बाकीचे. पहिली पन्नास चित्रे चुकतील. ती तारीख घालून जपून ठेवावीत. व्हिन्सेंटची जपली गेली, म्हणून त्याची वाढ आज आपल्याला दिसते.

यंदाच्या स्पर्धेत मुलांना कागद वाटताना एखाद-दुसरा कागद उरेलच. तो पालकांनी मागून घ्यावा, आणि माणूस काढावा. हात पाठीमागे न लपवता.