आदेशाच्या आधी वसतिगृह

दरवर्षी २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार पडतात, भाषणे होतात आणि १९०२ च्या आरक्षणाचा गौरव होतो. तो झालाच पाहिजे. पण त्या आदेशाच्या आधी आणि नंतर महाराजांनी काय उभे केले, हे विसरले की आरक्षण म्हणजे कुणीतरी दिलेली खिरापत वाटू लागते. विरोधकांना तर नेमके हेच हवे आहे!

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८९४ मध्ये प्रत्यक्ष राज्यकारभार पाहू लागले. तेव्हा संस्थानातील ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. ज्यांच्या घामावर तिजोरी भरत होती, त्या रयतेच्या मुलांना कचेरीची पायरी चढता येत नव्हती. कारण त्यांना शाळेचीच पायरी चढू दिली गेली नव्हती.

महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी वसतिगृह काढून पाहिले. नावाला ते सर्वांचे होते, पण तेथे भरणा झाला तो ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच. दार उघडे ठेवले म्हणजे समता येत नाही, दारात कोण उभा आहे यावर सारे ठरते, हे या राजाने ओळखले. १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातल्या पोराला शहरात भाकरी आणि निवारा मिळाला, तेव्हा कुठे त्याच्या हाती पुस्तक टिकले.

२६ जुलै १९०२ चा आदेश या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या आणि अंमलबजावणीचा तिमाही अहवालही मागवला गेला. म्हणजे आदेश काढून राजा झोपी गेला नाही. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला.

महाराजांनी जातवार वसतिगृहे काढून जातीयवाद वाढवला, असा आक्षेप काही पंडित आजही घेतात. त्यांनी १९१९ सालाकडे पाहावे. त्या वर्षी महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्यांच्या मुलांना इतरांसोबत एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. वेगळे वसतिगृह हा मुक्काम नव्हता, तो एका बाकावर पोहोचण्याचा रस्ता होता.

नेतृत्वाच्या बाबतीतही त्यांची दृष्टी हीच होती. अस्पृश्यांचा तारणहार म्हणून मिरवणे त्यांना सहज जमले असते. पण १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला त्यांनी आर्थिक साहाय्य केले आणि मार्च महिन्यातील माणगाव परिषदेत, तुमचा पुढारी तुम्हाला तुमच्यातूनच मिळाला आहे, अशा आशयाची ग्वाही हजारो अस्पृश्य बांधवांना दिली. शिकलेल्या माणसाच्या हाती त्याच्या समाजाचे नेतृत्व सोपवून बाजूला होणारा राजा इतिहासात विरळाच! ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते.

आज आरक्षणातून प्रवेश मिळालेली आमची कितीतरी मुले शहरात आल्यावर वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत अडकतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळणाऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारला २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणावी लागली, यातच सारे आले. कॉलेजातील जागा कागदावर राखीव आणि मुलगा मात्र रस्त्यावर, याला शाहूंचे आरक्षण म्हणता येणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, यंदाच्या जयंतीला हार जरूर घाला. पण त्याच दिवशी आपल्या तालुक्यातील वसतिगृहात जाऊन खाटा किती, मुले किती, जेवण कसे, याची चौकशी करा आणि ते आकडे घेऊन समाजकल्याण कार्यालयात जा. महाराज तिमाही हिशेब मागत होते. आपण निदान वर्षातून एकदा तरी मागितला पाहिजे.