वालचंद हिराचंद आणि दोन मापांचे बोल्ट

आपल्या बेंगळुरूतील एचएएलचा मूळ कारखाना उभारला सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी. 23 नोव्हेंबर 1882 रोजी जन्मलेल्या या रेल्वे कंत्राटदाराने आधी जहाज कंपनी काढली, आणि डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने इथे विमानांचा कारखाना. 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला.

मोटारीचे स्वप्न त्याहून जुने. त्यासाठी सर विश्वेश्वरय्या यांनीही योजना आखली होती. पण युद्धकाळात सरकारने साथ दिली नाही. विमानापेक्षा मोटार अवघड ठरावी, याचे नवल वाटते! अखेर 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली.

कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन डॉज व प्लिमथ गाड्या जोडल्या जात. त्यांचे नट-बोल्ट इंचांचे. पुढे इटलीची फियाट आली, तिचे मिलिमीटरचे. 5/16 इंची बोल्ट 7.94 मिलिमीटर जाडीचा. 8 मिलिमीटरच्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण 8 मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे आटे 1.25 मिलिमीटर अंतरावर, इंचीचे जाड आटे 1.41 वर. चुकीच्या नटात बोल्ट दोन-तीन फेरे मुकाट्याने फिरतो, मग अडकतो. तिथे पान्याने जोर केला की आटे गेलेच. म्हणून दोन्ही मापांचे बोल्ट आणि पाने वेगळे ठेवावे लागतात.

भारताचा दशमान मापांचा कायदा 1956 चा. वालचंद 8 एप्रिल 1953 रोजीच वारले होते. कुर्ल्याची फियाट मात्र पुढे कित्येक वर्षे मुंबईची टॅक्सी म्हणून धावत राहिली, मिलिमीटरच्या बोल्टांवर.