मित्रकिडींची मैत्रीण : रेचेल कार्सन

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण त्याची सुरुवात आजोबांच्या कपाशीच्या शेतात झाली. गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारलं, लहानपणी आम्ही काडेपेटीत पकडून ठेवायचो ते लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे गेले कुठे? आजोबांनी नुसतं फवारणीच्या पंपाकडे बोट दाखवलं. होस्टेलला परत आल्यावर मी लायब्ररीतून रेचेल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ काढलं.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल गावी. तिला लेखिका व्हायचं होतं, पण कॉलेजात इंग्रजी सोडून ती जीवशास्त्राकडे वळली. १९३२ मध्ये ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एम.ए. झाली. १९३५ मध्ये वडील गेले, घराचा भार तिच्यावर आला आणि तिने सरकारी मत्स्यखात्यात नोकरी धरली. १९५१ मधलं तिचं समुद्रावरचं पुस्तक खूप गाजलं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तिला नोकरी सोडता आली.

तो डीडीटीचा जमाना होता. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं होतं. विमानातून सरसकट फवारणी चालायची. रेचेलने चार वर्षं खपून पुरावे गोळा केले.

पक्ष्यांबद्दल तिने लिहिलं ते सगळ्यांना माहीत असतं. मला भिडली ती मित्रकिडींची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवलेकिडीने बसल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून जेमतेम पाचशेच्या आसपास वेडालिया नावाचे ढालकिडे आणले आणि त्यांनी बागा वाचवल्या. पुढे १९४० च्या दशकात डीडीटी आलं, ढालकिडे मेले आणि खवलेकीड परत आली! तसंच १९५६ मध्ये सरकारने जंगलांवर डीडीटी फवारलं. कोळी कीड त्याने मरत नव्हती, पण तिला खाणारे शत्रू मेले. पुढच्या उन्हाळ्यात झाडं तांबूस पडली.

गणित सोपं आहे. मावा, कोळी भराभर वाढतात. त्यांना खाणारे कीटक मुळात कमी असतात आणि सावकाश वाढतात. फवारणीनंतर शत्रू आधी सावरतो, मित्र मागे राहतो. मग पुन्हा फवारणी!

सप्टेंबर १९६२ मध्ये पुस्तक आलं. कंपन्या तुटून पडल्या. तिला तेव्हा स्तनाचा कॅन्सर होता. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत नको म्हणून तिने तो लपवला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान समितीच्या अहवालाने तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ ला, ५६ व्या वर्षी ती गेली. अमेरिकेने शेतीतलं डीडीटी १९७२ मध्ये बंद केलं. ते बघायला ती नव्हती. सगळीच औषधं बंद करा असं तिने कधी म्हटलं नाही. समजून, बेताने वापरा, एवढंच तिचं मागणं होतं.

मित्रांनो, मी केमिकलला आहे. उद्या कीटकनाशकाच्या प्लांटमध्येच प्लेसमेंट मिळाली तर? घरची परिस्थिती बघता मी नाही म्हणेन असं खोटं सांगत नाही. पण हे औषध कोणाला मारतं याबरोबर कोणाला जिवंत ठेवतं, हे विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. आजोबांना तसं कबूल केलंय.