ताऱ्यांच्या उजेडाची नोंद ठेवणाऱ्या हेन्रिएटा लेविट



तारे किती लांब आहेत, हे कसं मोजतात? आकाशाचा पाठ सुरू झाला की मुलांचा हा प्रश्न हमखास येतो. तिथे टेप पोचत नाही. नुसत्या चमकण्यावरूनही अंतर कळत नाही, कारण जवळचा मिणमिणता दिवा आणि लांबचा मोठा दिवा आपल्याला सारखेच दिसू शकतात. या कोड्याची किल्ली ज्यांनी शोधली, त्या हेन्रिएटा स्वॉन लेविट यांची आज ओळख करून घेऊया.

हेन्रिएटा यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, लँकेस्टर या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. पुढे रॅडक्लिफ कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या मुलींच्या संस्थेत त्यांचं शिक्षण १८९२ मध्ये पूर्ण झालं. शेवटच्या वर्षी त्यांनी खगोलशास्त्र हा विषय घेतला आणि त्याचीच गोडी लागली. त्यानंतर हार्वर्डच्या वेधशाळेत त्या सुरुवातीला बिनपगारी काम करू लागल्या. मध्ये आजारपण आलं, ऐकू येणं कमी कमी होत गेलं. तरी १९०२ मध्ये त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या. आता त्यांना तासाला ३० सेंट मिळू लागले.

त्या काळी वेधशाळेत दुर्बिणीवर पुरुष काम करत. रात्री काचेच्या तबकड्यांवर आकाशाचे फोटो घेतले जात. वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी त्या तबकड्या तपासायला बऱ्याच स्त्रिया नेमल्या होत्या. तबकडीवर तारे काळ्या ठिपक्यांसारखे दिसत. जितका तारा तेजस्वी, तितका ठिपका मोठा. हेन्रिएटा एका दिवसाच्या तबकडीची उलटी प्रत, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची प्रत, दुसऱ्या दिवसाच्या तबकडीवर ठेवत. ठिपके तंतोतंत जुळले नाहीत, की समजायचं या ताऱ्याचं तेज बदललं आहे. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांनी आयुष्यात असे सुमारे २४०० तारे शोधले.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अरेकिपा इथे हार्वर्डचं एक केंद्र होतं. तिथून मॅगेलनच्या मेघांचे फोटो येत. हे मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेजवळच्या दोन लहान दीर्घिका. १९०८ मध्ये हेन्रिएटांनी त्यांतल्या १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी दिली. त्यांपैकी १६ ताऱ्यांचं तेज किती दिवसांनी कमी होऊन पुन्हा वाढतं, हेही त्यांनी मोजलं होतं. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं, की जास्त तेजस्वी तारे या फेरीला जास्त दिवस घेतात.

१९१२ मध्ये त्यांनी लहान मेघातल्या २५ ताऱ्यांवरून हा नियम पक्का केला. कुणाची फेरी सव्वा दिवसाची, तर कुणाची १२७ दिवसांची. हे सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. म्हणजे जो जास्त तेजस्वी दिसतो, तो खरोखरच जास्त तेजस्वी. मग पुढचं सोपं झालं. अशा ताऱ्याची फेरी मोजा, त्यावरून त्याचं खरं तेज काढा, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा. अंतर मिळालं!

पण ते पत्रक पिकरिंग यांच्या सहीने निघालं. काम हेन्रिएटांनी केलं आहे, एवढा उल्लेख मात्र त्यात होता. पुढचं संशोधन दुसऱ्यांनी केलं. १२ डिसेंबर १९२१ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा सापडला. त्यावरून ती आपल्या आकाशगंगेच्या खूप बाहेर आहे हे सिद्ध झालं. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी हेन्रिएटांचं नाव नोबेलसाठी सुचवण्याच्या विचाराने पत्र पाठवलं. त्या हयात नाहीत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तेजाची नोंद ठेवण्याची ही पद्धत आजही चालू आहे. काही दीर्घिकांच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं आणि त्याच्याजवळून द्रव्याचा झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने निघतो. तो झोत आपल्या दिशेने असेल, तर त्या दीर्घिकेला ब्लेझर म्हणतात. ब्लेझर मधूनच भडकतो, तेव्हा त्याचे क्ष-किरण काही तासांतही कमी-जास्त होतात. हे किरण हवेतून जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते उपग्रहावरून मोजावे लागतात. २०१५ मध्ये सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटनेही असे ब्लेझर पाहिले आहेत. त्याची दोन क्ष-किरण उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तेज किती झटकन बदललं, यावरून झोताचा वेग हिशेबात धरून, भडकलेला भाग किती मोठा आहे याचा अंदाज बांधतात.

आणखी एक गंमत. ब्लेझरच्याच कुळातला थ्री सी २७३ हा क्वेसार १९६३ मध्ये चर्चेत आला. तेव्हा हार्वर्डच्या जुन्या तबकड्या पुन्हा बाहेर काढल्या गेल्या आणि त्याच्या तेजाचे अनेक दशकांतले चढउतार त्यांत सापडले. तबकड्या जपल्या होत्या, म्हणून हे जमलं.

वर्गात करून पाहा : अंधाऱ्या खोलीत दोन अगदी सारख्या टॉर्च घ्या. एक जवळ, एक लांब धरा. दोन्ही सारख्याच आहेत हे मुलांना आधी सांगा. मग लांबची टॉर्च कोणती, हे मुलं उजेडावरून लगेच ओळखतील. आता एक लहान आणि एक मोठी टॉर्च घ्या आणि मुलांना न सांगता पुन्हा विचारा. मुलं गोंधळतील. हेन्रिएटांनी हाच गोंधळ दूर केला.

आणि एक विनंती. मुलांचा प्रकल्प फलकावर लावताना, रोज नोंदी घेणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नावही आठवणीने लिहा. मांडणी करणाऱ्याचं नाव तर आपण लिहितोच.