पेठ वसवणारा राजा



मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीसाठी गावी आलो, तेव्हा संध्याकाळी जयसिंगपूरच्या जुन्या पेठेतून एकटाच फिरलो. आमच्या वडिलांच्या दुकानासह बरीच शटर खाली होती. गिऱ्हाईक आता हमरस्त्याकडे वळले आहे. पेठ पुन्हा कशी चालती करायची, यावर आपल्यात बरेच दिवस बोलणे चालू आहे. कोणी रंगरंगोटी सुचवतो, कोणी कमान, कोणी दिवे. मला मात्र ज्यांनी ही पेठ वसवली, त्या राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र पुन्हा वाचावेसे वाटले. शाळेत ते जयंतीच्या भाषणापुरते पाठ केले होते. आता वाचले तेव्हा त्यात बाजाराचा धडा सापडला.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. दहाव्या वर्षी, 1884 साली, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झाले आणि 2 एप्रिल 1894 रोजी कारभार हाती आला, तेव्हा ते विशीत होते. तीन वर्षे आधी मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली होती. रुळावरून माल बाहेर जातो, पण गावात चांगली पेठ नसेल तर नफाही मालाबरोबर बाहेरच जातो. महाराजांनी हे ओळखले. 1895 साली त्यांनी स्टेशनजवळ शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती दिल्या. ती गुळाची पेठ झाली आणि कोल्हापुरी गुळाला नाव मिळाले.

लगेच दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग आला. त्या दिवसांत त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. लोकांच्या हाती पैसा आणि पोटात अन्न नसेल, तर पेठ नुसती नावाला उरते. म्हणून पुढची कामेही त्याच धोरणाची दिसतात. 1906 साली कापडाची गिरणी उभी केली. शेताला पाणी मिळावे म्हणून भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, पण आज आपल्या जिल्ह्यातला ऊस त्यावर उभा आहे. शहरात 1912 साली खासबागेचे कुस्ती मैदान झाले, 1915 साली शेजारी पॅलेस थिएटर झाले. कुस्तीला आणि नाटकाला आलेला माणूस बाजारही करून जातो, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला वेगळे सांगावे लागत नाही.

1917 साली त्यांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने आपले जयसिंगपूर वसवले. रेल्वेच्या कडेला जागा, सरळ रुंद रस्ते, आखून काढलेल्या गल्ल्या. आपण एकमेकांना पत्ता सांगताना अजूनही गल्लीचा नंबर सांगतो, तो त्या आखणीचा वारसा. त्याच 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. पेठ आणि शाळा एकाच वर्षी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. हिशेब न येणारा माणूस बाजारात नेहमी नाडला जातो.

पण खरा धडा याहून पुढचा आहे. महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला लावले. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर त्यांचे चहाचे हॉटेल सुरू झाले. अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा घ्यायला कोणी येईना. मग महाराज जाता-येता आपली गाडी तिथे थांबवू लागले, स्वतः चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर इतरांची सबब संपली. 1918 साली त्यांनी महार वतने रद्द केली. 1919 साली विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम निघाले. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

आता मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी चहा येत असे, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आतल्या फळीवर चांगले कप होते. बाहेर खिडकीत कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. आपल्याच बाकावर बसणारा एक मित्र माझ्याबरोबर वही घ्यायला आला, तेव्हा वडिलांनी त्याला तो कप दिला. मी काही बोललो नाही. त्याने चहा प्यायला, कप स्वतः विसळून खिडकीत ठेवला आणि नंतर कधी दुकानात आला नाही. शाहू महाराजांनी वसवलेल्या पेठेत, त्यांच्यामागे पन्नास वर्षांनी ही गोष्ट घडत होती. मित्रा, तुझे नाव इथे लिहीत नाही. पण मला ते दृश्य विसरता आलेले नाही. तेव्हा बोलायला हवे होते. माफ कर.

म्हणून पेठेबद्दल माझे मत एवढेच. दिवे लावा, रंग द्या, कमानही हवी असेल तर उभारा. पण महाराजांनी आधी पाहिले ते रस्ता, पाणी, गिऱ्हाइकाच्या हातातला पैसा आणि ज्याला कोणी गाळा देत नाही त्याला गाळा. आमचे दुकान विकायचा विचार मी सोडला आहे. धंदा करू पाहणाऱ्या पण अनामत भरता न येणाऱ्या एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला ते पहिले वर्षभर बिनभाड्याने द्यायचे ठरवले आहे. असे कोणी तुमच्या माहितीत असेल तर कळवा.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी शटर उघडून ठेवतो. कार्यक्रमाआधी सगळ्यांनी चहाला या. मित्रा, तूही ये.